पिकअपला १५डब्ल्यू-४० ऑइल की ५डब्ल्यू-३०: मेस्त्रींचे ऐकावे की पुस्तिकेचे?

प्रश्न

माझी टर्बो डिझेल पिकअप १ लाख २० हजार किलोमीटर चालली आहे. आठवड्यातील चार दिवस ती बांधकामाचे साहित्य वाहते आणि उरलेले दिवस जवळच्या जवळ फिरते. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (युरोपीय दर्जा) असे ऑइल सांगितले आहे. परंतु गेल्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेस्त्रींनी १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ (अमेरिकी दर्जा) भरले आणि माल ओढणाऱ्या गाडीला पातळ ऑइल टिकत नाही, घट्टच हवे, असे सांगितले. इंजिनाचा आवाज किंचित कमी झाला, हे मान्य करतो. मात्र त्यानंतर तीन हजार किलोमीटरच्या आत डीपीएफचा (धुरातील काजळी अडवणाऱ्या जाळीचा) दिवा दोनदा लागला. हा दोष ऑइलचा असेल का, आणि असल्यास ते लगेच काढावे की पुढच्या बदलीपर्यंत चालू द्यावे?

पहिले उत्तर

आपले मेस्त्री फक्त घट्टपणा पाहत आहेत. कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते, तिकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी असतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. बेअरिंगमध्ये मात्र भाराखाली ऑइल त्याहून जास्त तापते, म्हणून १५० अंशांना, जोरात घासले जात असताना ते किती टिकते याची वेगळी चाचणी असते. ३० ग्रेडच्या ऑइलला त्या चाचणीत किमान २.९ एवढा आकडा पुरतो, पण सी३ म्हणवून घ्यायचे असेल तर तो ३.५ किंवा अधिक असावाच लागतो. म्हणजे आपल्या पुस्तिकेतील ३० हे साधे ३० नव्हे, आणि भारासाठी ते पातळ पडेल ही भीती अनाठायी आहे. आवाज कमी झाला तो घट्ट ऑइलमुळेच; पण आवाज दबला म्हणून झीज थांबली असे होत नाही.

खरी अडचण राखेची आहे. ऑइलमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांची संयुगे जळली की राख उरते. सी३ मध्ये तिची मर्यादा ०.८ टक्के आहे, तर सीआय-४ हा डीपीएफ सर्रास येण्यापूर्वीचा, २००२ सालचा दर्जा असल्यामुळे त्यात राखेवर बंधनच नाही. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे जाळी तापवून साफ करण्याच्या प्रक्रियेत, जळून जाते, राख मात्र जळत नाही. ती जाळीत कायमची साठत राहते.

दुसरे उत्तर

वरील विवेचन योग्य आहे, पण घाईने निष्कर्ष काढू नये. राख साठून अडथळा व्हायला याहून कितीतरी जास्त किलोमीटर लागतात. तीन हजारांत दोनदा दिवा लागला याचा दोष एकट्या ऑइलला देता येणार नाही. मला संशय आहे तो जवळच्या फेऱ्यांचा. रीजनरेशन सुरू होते, गाडी दहाव्या मिनिटाला बंद केली जाते आणि काम अर्धवट राहते. शिवाय अनेक इंजिनांत त्या वेळी जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते, आणि त्यातील थोडे भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. आपण गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि ऑइल बोटावर घेऊन वास घ्यावा. ऑइल काळे दिसले तर घाबरू नये, डिझेलमध्ये ते लवकर काळे पडतेच. काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. पातळी वाढलेली दिसली, तर मात्र ती गंभीर बाब समजावी.

तिसरे उत्तर

मेस्त्रींची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. माझ्या जुन्या पिकअपला डीपीएफ नाही, तिच्या पुस्तिकेतच १५डब्ल्यू-४० लिहिले आहे आणि ती त्यावर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते आहे. अशाच गाड्यांवर ज्यांचा हात बसला, ते नव्या गाडीलाही तेच ऑइल घालतात. सल्ला चुकीचा नव्हता; तो दुसऱ्या इंजिनासाठी होता, एवढेच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आज सकाळी पाहिले. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि डिझेलचा वास स्पष्ट येतो. सर्व्हिसिंगनंतर मी स्वतः पातळी तपासली होती, तेव्हा ती दोन खुणांच्या मधोमध होती.

दुसऱ्या उत्तराचे लेखक

मग पुढच्या बदलीची वाट पाहू नका, आणि तोपर्यंत माल भरून गाडी काढू नका. डिझेल मिसळलेले १५डब्ल्यू-४० आता ४० राहिलेले नाही. घट्टपणासाठी घातलेले ऑइलच पातळ झाले आहे. पातळी याहून चढली तर क्रँकचे फटके बसून ऑइल फेसाळते, आणि ते हवेच्या मार्गाने इंजिनात ओढले गेले तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही. ऑइल गरम असताना पूर्ण निथळू द्या, फिल्टरही बदला, आणि नवीन कॅनवर ५डब्ल्यू-३० सोबत सी३ ही अक्षरे स्वतः वाचूनच झाकण उघडू द्या. पुस्तिकेत कंपनीचा स्वतंत्र मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तोही जुळवून पाहा. त्यानंतर रीजनरेशन सुरू असताना गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर एका वेगात वीसेक मिनिटे चालवा. तरीही दिवा लागला, तर डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजणारा सेन्सर आणि इंजेक्टर तपासून घ्यावे लागतील.