हाताला काम भरपूर, तरी महिनाअखेरीस हात रिकामेच. चुकतंय कुठे?

रफकट_रात्रीचा

नमस्कार मंडळी. मी व्हिडिओ एडिटर आहे, नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग सुरू केल्याला आता १४ महिने झाले. काम मिळत नाही अशी तक्रार अजिबात नाहीये, उलट गेले तीन महिने एकही रविवार सुट्टी घेतलेली नाही, पण हिशोब मांडायला बसलो की नोकरीत मिळायचं त्यापेक्षा कमीच हातात पडतंय आणि वर्षभर राबून हे असं का होतंय तेच कळत नाहीये.

थोडी परिस्थिती सांगतो. ७० टक्के कमाई एकाच एजन्सीकडून येते. त्यांना पाठवलेलं एक इन्व्हॉइस (बिल) ७४ दिवस झाले अडकलंय, ज्या माणसाशी बोलणं होतं तो दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतो आणि लगेच पुढचं काम पाठवतो. नाही म्हणायची भीती वाटते, कारण हे गेले तर दुसरं कोण आहे? रेट ठरवताना मी नोकरीचा पगार महिन्याच्या १६० तासांनी भागला आणि तोच तासाचा रेट लावला, तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं.

आणि बदल! एक चार मिनिटांची फिल्म आहे, तिच्या शेवटच्या फाइलचं नाव "फायनल_११" आहे. प्रत्येक वेळी "फक्त दोन छोटे चेंजेस". अकराव्या वेळी त्यांनी व्हॉइसओव्हरच नवीन रेकॉर्ड करून पाठवला, म्हणजे प्रत्येक वाक्याची लांबी बदलली, म्हणजे प्रत्येक शॉट सरकला, म्हणजे सबटायटल्स पहिल्यापासून परत. पैसे तेच.

ऑनलाइन फ्रीलान्स कामं मिळतात त्या प्लॅटफॉर्मवर पण प्रयत्न केला, ४० प्रपोजल पाठवली, तीन उत्तरं आली, एकही काम नाही. मी कामात कमी पडतोय का? की परत नोकरी बघू? खरंखुरं सांगा.

हिशोबाची_वही

तू कामात कमी पडत असतास तर एजन्सीने पुढचं काम पाठवलंच नसतं, तेव्हा तो विचार आधी डोक्यातून काढ. तुझं गणित चुकलंय आणि ते जवळजवळ प्रत्येकाचं पहिल्या वर्षी चुकतं, माझं तर दोन वर्षं चुकत होतं.

तू धरलेस ते महिन्याचे १६० तास गुणिले १२ म्हणजे नोकरीत वर्षाला १९२० तासांचा पगार मिळतो, त्यात सुट्ट्या आल्या, आजारपण आलं, मीटिंगमध्ये नुसतं बसून घालवलेला वेळ आला, सगळ्याचे पैसे. आता तुझं बघ. आजारपण, सणवार, मधेच काम नसलेले दिवस असे मिळून सहा आठवडे धर, उरले ४६. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे २३०. आणि त्या दिवसात आठही तास बिलात लागतात का? प्रपोजल लिहिणं, मेल, फोन, इन्व्हॉइस, फाइल अपलोड होईपर्यंत थांबणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, याचे पैसे कोणी देत नाही. दिवसाला खरे पाच तास बिलात लागले तरी खूप झाले. २३० गुणिले ५ म्हणजे ११५०.

१९२० आणि ११५०. म्हणजे नुसता जुना पगार भरून काढायचा तरी रेट साधारण १.७ पट हवा, आणि यात अजून कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरची वर्गणी, विमा, कर, म्हातारपणाची तजवीज काहीच धरलेलं नाही, जे नोकरीत कुणीतरी दुसरं भरत असतं किंवा निदान वाटून घेत असतं. तू १४ महिने जवळपास अर्ध्या किमतीत काम करतोयस रे. रविवार त्यातच गेले.

एक कर. पुढचे दोन आठवडे प्रत्येक कामाला लागलेला वेळ लिहून ठेव, कागदावर चालेल, फक्त खरा लिही. फायनल_११ ला एकूण किती तास गेले ते कळलं ना की रेट वाढवायला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडणार नाही.

ओळीमागून_ओळ

मी भाषांतर करते, नऊ वर्षं झाली. वरचं गणित बरोबर आहे पण माझ्या मते तुझा मोठा घाव रेटचा नाही, बदलांचा आहे. कारण रेट दुप्पट केलास आणि बदल अकरा झाले तर परत तिथेच येशील.

काम सुरू करायच्या आधी एक पान लिहून पाठवायची सवय लाव. वकिली भाषा लागत नाही, साधा मेल चालतो, फक्त समोरच्याने "मान्य" असं उत्तर दिलं पाहिजे. त्यात काय द्यायचंय (किती मिनिटांची, कुठल्या साइझमध्ये, सबटायटल्स आहेत की नाहीत), बदलांच्या किती फेऱ्या किमतीत धरल्यात (मी दोन धरते), तिसऱ्या फेरीपासून तासाला किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठली गोष्ट मंजूर झाल्यावर बदलली तर ते नवीन काम धरलं जाईल. तुझ्या बाबतीत स्क्रिप्ट आणि व्हॉइसओव्हर. हे आधी पक्कं झाल्याशिवाय फाइन कटला, म्हणजे शेवटच्या बारीक एडिटिंगला, हात लावायचा नाही.

फेरी म्हणजे काय तेही लिही. मला एकदा एकाच मजकुरावर चार वेगवेगळ्या माणसांकडून चार दिवस तुकड्यातुकड्याने सूचना येत राहिल्या, दोघांच्या सूचना तर एकमेकांच्या उलट, एक म्हणतो सोपं करा दुसरा म्हणतो भारदस्त करा, मी दोन्ही करत बसले. तेव्हापासून "सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एकाच माणसाने पाठवायच्या, ती एक फेरी" ही ओळ माझ्या प्रत्येक मेलमध्ये असते. चांगल्या क्लायंटला याचा राग येत नाही, उलट त्यांचंही आतलं भांडण आधी मिटतं.

आणि अ‍ॅडव्हान्स घे. तीस टक्के, चाळीस टक्के, काही तरी. जो अ‍ॅडव्हान्स द्यायला महिनाभर टाळतो तो बाकीचे पैसे कसे देईल ते तिथेच दिसतं.

उंबरठ्यावर

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. रेट वाढव, अ‍ॅडव्हान्स माग, हे ज्याच्याकडे दुसरं काम आहे त्याला जमतं. ७० टक्के एकाकडून येतंय त्याने उद्या असं सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर घर कसं चालवायचं? मी हे केलंय. भावनेच्या भरात मोठ्या क्लायंटला एकदम नवीन रेट कळवला, त्यांनी आभार मानून काम थांबवलं आणि पुढचे साडेचार महिने साठवलेल्यावर काढले, त्या काळात वाट्टेल त्या रेटला वाट्टेल ते काम घेतलं.

म्हणून आधी एजन्सीचा वाटा कमी कर. नवीन येणाऱ्याला नवीन रेट सांग, जुन्याला आत्ता हात लावू नको. ७० चे ४० टक्के झाले की मग बोल, तेव्हा आवाजच वेगळा निघतो. आणि जमेल तसे तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात टाक. नाही म्हणायची ताकद तिथून येते, माझा तरी हा पक्का अनुभव आहे.

प्लॅटफॉर्मबद्दल: ४० मध्ये तीन उत्तरं हे नवीन प्रोफाइलला काही फार वाईट नाही. तिथे आधी रिव्ह्यू लागतात, आणि रिव्ह्यू मिळायला आधी काम लागतं, हा पेच सगळ्यांनाच. सगळ्या प्रकारचं एडिटिंग करतो असं लिहिण्यापेक्षा एकच गोष्ट लिही, मुलाखतीच्या फिल्म्स किंवा शिकवण्याचे व्हिडिओ, जे तुला खरंच चांगलं येतं ते. नुसतं सबटायटल लावणं किंवा मोकळ्या जागा कापणं याला आता भाव राहिलेला नाही, ते एआय टूल्स करतात, पण दोन तासांच्या फुटेजमधून कुठली चार मिनिटं ठेवायची हे अजून माणूसच ठरवतो आणि पैसे त्याचेच मिळतात.

कमिशन पण रेटमध्ये धर. फायव्हर हा प्लॅटफॉर्म २० टक्के कापतो, म्हणजे हातात १०० हवेत तर १२५ लावावे लागतात, १२० नाही, यात खूप जण चुकतात. त्या बदल्यात पैसे आधीच जमा होतात हे खरंय. अपवर्क या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ठरावीक किमतीच्या कामाचे पैसे क्लायंटला आधी एस्क्रोत, म्हणजे मध्यस्थाकडे राखून ठेवायच्या खात्यात, भरावे लागतात, आणि काम सबमिट केल्यावर त्याने १४ दिवसांत काही केलं नाही तर ते आपोआप सुटतात. पैसे भरलेले दिसल्याशिवाय काम सुरू मात्र करायचं नाही.

देय_दिनांक

मी फ्रीलान्सिंगमध्ये यायच्या आधी अकाउंट्समध्ये होते, म्हणून त्या ७४ दिवसांबद्दलच लिहिते.

तू ज्याच्याशी बोलतोस त्याच्या हातात पैसे सोडणं बहुतेक नसतंच. त्याने तुझा मेल पुढे पाठवला की नाही हेही तुला माहीत नाही. त्याला विचार की इन्व्हॉइस अकाउंट्समध्ये कोणाकडे आहे, आणि त्या माणसाला थेट, साध्या सभ्य भाषेत मेल टाक: इन्व्हॉइस नंबर, तारीख, रक्कम, कामाचं नाव, कधी देय होतं. आणि विचार की पीओ नंबर (परचेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीने काढलेल्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर) लागतो का. मोठ्या ठिकाणी पीओ नंबर नसलेलं इन्व्हॉइस सिस्टिममध्ये चढतच नाही, ते कुणाच्या तरी मेलमध्ये पडून राहतं, आणि कोणी तुला कळवतही नाही कारण कळवणं हे कुणाचंच काम नसतं. मी स्वतः अशी इन्व्हॉइसेस बाजूला ठेवलेली आहेत, समोरच्या माणसाचं घर त्यावर चालतंय हा विचार तेव्हा मनात आला नाही, आज त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या वेळी इन्व्हॉइसवर "३० दिवसांत" असं न लिहिता नेमकी तारीख लिही. ३० दिवस कशापासून, काम दिल्यापासून की इन्व्हॉइस मिळाल्यापासून की महिना संपल्यापासून, यावरच आठवडे निघून जातात. देय तारखेच्या तीन दिवस आधी एक आठवण, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी दुसरी. यात लाजायचं काही नाही, केलेल्या कामाचे पैसे आहेत. उशिरा पैसे मिळणं हा इतका सार्वत्रिक त्रास आहे की न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये फ्रीलान्सर लोकांसाठी वेगळा कायदाच लागू केला, करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. ब्रिटनमध्ये तर १९९८ पासून थकलेल्या बिलावर व्याज मागायचा कायदेशीर हक्क आहे. तू राहतोस तिथे काय नियम आहे ते एकदा नीट वाचून घे.

आणि पूर्ण पैसे येईपर्यंत वॉटरमार्क असलेली हलक्या क्वालिटीची फाइलच द्यायची. वापराचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच जातील ही ओळ त्या एका पानाच्या मेलमध्ये टाक.

रफकट_रात्रीचा

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले कारण आधी करून बघायचं होतं.

पीओ नंबरच नव्हता! अकाउंट्समधल्या बाईंनी दोन तासांत उत्तर दिलं, म्हणाल्या हे इन्व्हॉइस आमच्याकडे आलेलंच नाही. नंबर घालून परत पाठवलं, पुढच्या पेमेंटच्या यादीत घेतलंय म्हणतात. पैसे अजून आलेले नाहीत, पण तारीख मिळाली.

फायनल_११ चे तास जुन्या मेल आणि फाइलच्या वेळा बघून काढले. ठरवताना मी १८ धरले होते, निघाले ६१. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.

एजन्सीला रेटबद्दल अजून काही बोललो नाहीये, उंबरठ्यावर यांचं म्हणणं पटलं. पण एका नवीन माणसाने शिकवण्याच्या सहा व्हिडिओंबद्दल विचारलं, त्याला एक पानाचा मेल पाठवला, नवीन रेट, दोन फेऱ्या, चाळीस टक्के आधी. पाठवताना हात थरथरत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, सबटायटल्स किमतीत धरलेत का. नाही म्हणालो, त्याचे वेगळे.

ओळीमागून_ओळ

मग? काय म्हणाला?

रफकट_रात्रीचा

मान्य म्हणाला. अ‍ॅडव्हान्स आज सकाळी आला. रविवारी काम करणार नाही हेही त्याला कळवलंय.