पायऱ्यांना हसू नका
एकांनी लिहिलंय, चीनमधले डोंगर म्हणजे नुसत्या पायऱ्या, त्याला ट्रेक काय म्हणायचं! सिचुआनमध्ये स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवताना मीही हेच म्हणायचो. मग एका शनिवारी अमेई पर्वत चढायला घेतला. माथा ३,००० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. सह्याद्रीतल्या घसाऱ्याला, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उताराला, सरावलेले गुडघे त्या दगडी पायऱ्यांनी पार कामातून गेले.

विद्यार्थ्यांनी बजावलं होतं, माकडांसाठी हातात बांबूची काठी ठेवा. ऐकलं नाही. वाटेतल्या एका मठापाशी एका धटिंगणाने मागून येऊन सॅकची चेन शांतपणे उघडली, अगदी माणसासारखी, आणि पुण्याहून आलेली बाकरवडी समोर बसून खाल्ली.

रविवारी बऱ्याच पायऱ्या उलट्या तोंडाने उतरलो. सोमवारी वर्गात खुर्चीवर बसूनच शिकवलं. पोरं खुसखुसत होती.