टाचेमागची शीर दुखते : तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही दुखणे परत का आले?

घाटवाट :
नमस्कार. माझे वय ४३ आहे, मी पुण्यात राहते आणि गेली चार वर्षे नियमित धावते. यंदा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले असल्यामुळे आठवड्यातून दोनदा सिंहगडाच्या घाटरस्त्यावर चढाचा सराव सुरू केला आणि त्याच सुमारास, जुने बूट झिजले म्हणून, टाच फारशी उंच नसलेले नवे बूट घेतले. महिन्याभरात उजव्या टाचेच्या मागे दुखू लागले. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावले पाय आखडलेला असतो, मग मोकळा होतो. धावायला सुरुवात करताना दुखते, दोन किलोमीटरनंतर जाणवेनासे होते आणि संध्याकाळी पुन्हा ठणकू लागते. घरच्यांच्या सांगण्यावरून तीन आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवले, रोज तेलाने मालीश केले, बर्फ लावला. दुखणे थांबले म्हणून परवा पाच किलोमीटर धावले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला. एका धावण्यात परत येणारे दुखणे मुळात बरे झाले होते असे म्हणायचे का? स्पर्धेला नऊ आठवडे उरले आहेत.

समतोल (फिजिओथेरपिस्ट) :
दुखणे थांबले होते, पण कंडरा सावरली नव्हती. आपण बोलताना जिला टाचेमागची शीर म्हणतो ती नसही नाही आणि रक्तवाहिनीही नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ती कंडरा, म्हणजेच अकिलीस टेंडन. शरीरातील ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा असून धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे सहा ते आठ पट ताण येतो. स्नायूंच्या मानाने तिचा रक्तपुरवठा कमी असतो आणि वाढलेल्या भाराशी ती फार सावकाश जुळवून घेते. त्यामुळे दम वाढतो, पोटऱ्याही बळकट होतात, पण कंडरा मागेच राहते. चढावर धावताना टाच खाली राहून पोटरीवरचे काम वाढते आणि सपाट टाचेच्या बुटानेही नेमके तेच होते. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या.

विश्रांतीने वेदना शमते, परंतु भार न मिळाल्यामुळे पोटरीची आणि कंडरेची ताकद आणखी घटते, म्हणून पूर्वी सहज झेपणारे पाच किलोमीटर आता जड जातात. या दुखण्याला पूर्वी सरसकट कंडरेचा दाह समजत असत. आता हा मुख्यतः कंडरेच्या तंतूंच्या रचनेत झालेला बिघाड मानला जातो, आणि बर्फ किंवा वेदनाशामक गोळी त्यावर तात्पुरत्या आरामापलीकडे काही करू शकत नाही.

पुढचे सांगण्यापूर्वी एक गोष्ट कळायला हवी. चिमटीत धरल्यावर नेमके कोठे दुखते : टाचेच्या हाडाला लागून, की त्याच्या वर?

घाटवाट :
हाडाच्या तीन बोटे वर. तेथे सुपारीएवढी जाडी हाताला लागते. आणखी एक, त्याचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही : दुखणे सुरू होण्याच्या थोडे आधी मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी पाच दिवस गोळ्या घेतल्या होत्या.

समतोल (फिजिओथेरपिस्ट) :
गोळ्यांविषयी येथील डॉक्टरांनी लिहावे. जागा मात्र कंडरेच्या मधल्या भागाची आहे, आणि या प्रकारात व्यायामाचा चांगला उपयोग होतो. १९९८ मध्ये स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी अशाच दुखण्याने त्रस्त झालेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच, गुडघा किंचित वाकवून तितकेच, आणि हे सारे दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा. त्यातून ते सर्व पुन्हा धावू लागले. पुढे २०१५ च्या डॅनिश अभ्यासात आठवड्यातून तीनच दिवस, पण जास्त वजन घेऊन आणि अतिशय संथपणे केलेल्या व्यायामाचा परिणाम त्याच तोडीचा दिसला. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांना मी हीच दुसरी पद्धत सुचवते, कारण ती अर्धवट सुटत नाही.

सुरुवात जमिनीवर दोन्ही पायांनी करावी : तीन सेकंदांत टाचा उचलाव्यात, तीन सेकंदांत टेकवाव्यात. ते सहज जमल्यावर एका पायाने, त्यानंतर पायरीवर, आणि मग पाठीवरच्या पिशवीत तांदळाची पाकिटे भरून वजन वाढवावे. गुडघा वाकवून करायचा भाग गाळू नये, कारण गुडघा वाकल्यावर पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो आणि आतल्या सोलियस स्नायूला काम करावे लागते, आणि धावण्यातला मोठा भार तोच स्नायू उचलतो.

व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते, हे अनेकांना पटत नाही. शून्य ते दहाच्या मापात पाचपर्यंतची वेदना चालवून घेता येते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या पातळीवर परतली पाहिजे आणि सकाळचा आखडलेपणा आठवड्यागणिक वाढता कामा नये. याच कसोटीवर सपाट रस्त्यावरचे छोटे, संथ धावणे एक दिवसाआड चालू ठेवता येईल. चढ आणि वेगाचा सराव मात्र तूर्त बंद. स्पर्धेविषयी स्पष्ट सांगते : व्यायामालाच किमान १२ आठवडे लागतात आणि आपल्याजवळ नऊ आहेत. यवतेश्वरचा घाट यंदा सोडावा, असे माझे मत आहे.

पहाटपाऊल :
समतोल यांनी जागा आधी विचारली ते फार महत्त्वाचे आहे. माझे दुखणे अगदी हाडाजवळ, कंडरा जेथे चिकटते तेथे होते, आणि मी कोणाचे तरी ऐकून पायरीवरून टाच पूर्ण खाली सोडण्याचा व्यायाम दोन महिने नेटाने केला. दुखणे वाढतच गेले. पुढे समजले की टाच खाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि या जागेच्या दुखण्यात तो दाबच नडतो. टाच जमिनीच्या पातळीखाली न नेता तोच व्यायाम केला, पोटरी ताणण्याचे प्रकार बंद केले, बुटात टाचेखाली एक सेंटिमीटरची गादी घातली, तेव्हा हळूहळू फरक पडू लागला. आपल्याकडे उकिडवे बसण्याची सवय असते, त्यातही हाच दाब येतो. मी काही महिने भारतीय पद्धतीचे शौचालय टाळले आणि घरात अनवाणी फिरण्याऐवजी जाड टाचेची चप्पल घातली. घाटात पूर्वीसारखा धावू लागेपर्यंत आठ महिने गेले. त्यातले पहिले तीन फार निराशेचे होते, कारण प्रगती दिसतच नव्हती. ज्यांना हे सुरू झाले आहे त्यांनी तेवढ्या काळाची तयारी मनात ठेवावी.

डॉ. निदान :
घाटवाट, त्या गोळ्यांची चिठ्ठी किंवा पाकीट असल्यास नाव पाहावे. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन अनेकदा दिले जाते. या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरेला इजा होऊ शकते, क्वचित ती तुटतेही, आणि त्यात अकिलीस टेंडनचा क्रमांक पहिला लागतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये याविषयी सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा दिला. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असताना धोका अधिक असतो. औषध संपल्यावर काही महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो. नाव जुळले तर वजनाचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासून घ्या आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हे आवर्जून सांगा. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका; काही आठवडे बरे वाटते, पण कंडरा तुटण्याची भीती वाढते.

इतर वाचकांसाठीही लिहितो. दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, किंवा सोरायसिस अथवा कंबरदुखी सोबत असेल, तर संधिवाताच्या दृष्टीने तपासणी करावी. दोन्ही बाजूंच्या कंडरा जाड झाल्या असतील आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेले असतील, तर कोलेस्टेरॉल पाहावे, कारण त्याच्या आनुवंशिक विकारात ते कंडरेत साठते. आणि धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून आवाज झाला व चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटल्याची शक्यता धरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. पालथे झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हलले नाही, तर ती शंका बळावते. अशा वेळी चालता येते म्हणून घरी थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत. इतर स्नायूंच्या जोरावर लंगडत चालता येतेच, आणि त्या गैरसमजात उपचाराचे सुरुवातीचे मोलाचे दिवस निघून जातात.