डोंगरमाथ्यावरच्या कुरणातल्या नोंदी : पहिलं फूल कधी दिसलं एवढं लिहून भागेल का?

बर्फवाट
नमस्कार. वनस्पतीशास्त्रात एमएस्सी झालंय आणि वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरच्या एका कुरणात उन्हाळाभर फील्ड असिस्टंट म्हणून काम मिळालंय. पायवाटेने फिरायचं आणि प्रत्येक जातीचं पहिलं फूल कोणत्या तारखेला दिसलं ते लिहायचं, असं काम आहे. सोबत स्वतःचा छोटा अभ्यास करायची मुभा आहे. मला बर्फ वितळणं आणि फुलणं यांचा संबंध बघायचाय. त्यासाठी या तारखा पुरतील का? आणि फुलांवर येणारे कीटक एकटीने मोजणं जमण्यासारखं आहे का?

दहिवर
पुरणार नाहीत. ती यादी नेमाने कराच, पण तुमचा अभ्यास तिच्यावर उभा करू नका.

पहिल्या फुलाची तारीख म्हणजे त्या जातीतल्या सगळ्यांत उतावळ्या एका रोपाची तारीख. पुढच्या वर्षी रोपं दुप्पट झाली, तर त्यांत आणखी उतावळं एखादं निघायची शक्यता वाढते. मग हवामान तसंच असूनही तारीख अलीकडे सरकते. बाकीची शेकडो रोपं काय करतायत, बहर कधी भरला, कधी ओसरला, यातलं काहीच त्या एका तारखेतून कळत नाही.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या गॉथिकचं. चांदीच्या खाणींसाठी वसलेलं आणि नंतर ओस पडलेलं हे गाव. १९२८ पासून तिथे रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी आहे. डेव्हिड इनोये या जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तिथे २ बाय २ मीटरचे कायमचे चौकोन आखले आणि हंगामभर दिवसाआड त्यांतली फुलं मोजायला सुरुवात केली. ३९ वर्षांच्या या मोजण्यांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० जाती होत्या. कुरणाचा एकूण फुलांचा हंगाम तब्बल ३५ दिवसांनी लांबला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच जातीचं पहिलं फूल, ऐन बहर आणि शेवटचं फूल ही तिन्ही बरोबरीने सरकत नव्हती. कुठे सुरुवात अलीकडे आली आणि बहर जागेवरच राहिला, कुठे शेवट लांबला. नुसत्या पहिल्या फुलाच्या तारखा लिहिल्या असत्या तर यातलं बरंचसं हाती लागलं नसतं. मला तर या कामातली सगळ्यांत मोठी गोष्ट त्या मोजणीतलं सातत्य वाटते. इतकी वर्षं तीच जागा, तीच पद्धत!

म्हणून चौकोन थोडे आखा, पण मोजणी पूर्ण करा. आणि ‘फूल’ कशाला म्हणायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डेल्फिनियम या फुलझाडाचं एकेक फूल सुटं मोजता येतं. सूर्यफुलाच्या कुळात मात्र आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो, तिथे अख्खा गुच्छ एक धरा. उमललेलं कधी धरायचं तेही ठरवा. मी भिंगातून बघते. एक जरी परागकोश फुटून पराग दिसत असतील तर उमललेलं, नाहीतर कळी. पाकळ्या किती उघडल्या यावर सोडलं तर ढगाळ दिवशी दोन माणसं दोन आकडे सांगतात.

आणखी एक रकाना हवाच : करपलेल्या कळ्या. गॉथिकच्या कुरणात हेलिअँथेला नावाची बहुवर्षायू पिवळी फुलझाडं आहेत. बर्फ लवकर वितळलं की त्यांच्या कळ्याही लवकर धरतात आणि जूनमधल्या थंडीच्या रात्री गोठून मरतात. १९९२ ते १९९८ मध्ये सरासरी ३६.१ टक्के कळ्या अशा गेल्या होत्या, १९९९ ते २००६ मध्ये ७३.९ टक्के. ऊब वाढली आणि गारठ्याचा फटकाही वाढला! या झाडांच्या फुलांखालच्या हिरव्या पाकळीसारख्या पानांवर मधुरस पाझरतो. तो प्यायला मुंग्या येतात आणि बिया खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. कळी गेली की बी जातं, मुंग्यांचं पिणं जातं आणि त्या बियांवर वाढणाऱ्या अळ्यांचं अन्नही जातं. नुसतं ‘या वर्षी फुलं कमी’ असं लिहिलं तर हे सगळं हरवतं.

पंखपराग
कीटकांबद्दल लिहितो. एकट्याने होतं, फक्त वेळ बांधून घ्या. एका चौकोनापाशी ठरावीक मिनिटं बसायचं आणि फुलाला प्रत्यक्ष स्पर्श करणारेच मोजायचे. कोणी आलं नाही तर शून्य लिहायचंच. शून्याच्या ओळी गाळल्या की आकडेवारी खोटी होते.

दरवेळी तापमान, वारा आणि ऊन-ढग लिहा. भुंगे उड्डाणाचे स्नायू थरथरवून अंग तापवतात, त्यामुळे थंड सकाळीही ते कामाला लागतात. बारीक माश्या ऊन पडल्यावर. फक्त दुपारी बसलात तर भुंग्यांचा वाटा कमी दिसेल. आणि माश्यांना ‘इतर’मध्ये ढकलू नका. जसजसं उंचावर जावं तसतसं परागीभवनातलं त्यांचं काम वाढत जातं.

बर्फवाट
दोघांचेही आभार. करपलेल्या कळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. पण बर्फ वितळल्याची तारीख चौकोनागणिक कशी मिळवू? मी पोचेन तेव्हा अर्धं कुरण उघडं झालेलं असेल. आणि रोज तिथे बसून गवत तुडवलं जाणार नाही का?

दहिवर
या वर्षी जेवढं बर्फ शिल्लक असेल तेवढ्याच्या कडा रोज एकाच जागेवरून फोटोत घ्या. पुढच्या वर्षासाठी मात्र हंगाम संपताना तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरून या. जगभरातल्या पर्वतमाथ्यांवर ग्लोरिया या पद्धतीने जी निरीक्षणं चालतात त्यांत ती मातीत १० सेंटिमीटर खोल पुरतात. जाड बर्फाखाली मातीचं तापमान शून्याच्या आसपास सपाट रेषेत चालतं, दिवस-रात्रीचा फरक दिसतच नाही. बर्फ गेलं की रेषेत रोजचे चढउतार सुरू होतात. ते सुरू झाले तीच तुमची तारीख. प्रत्येक चौकोनाला वेगळी मिळेल, कारण खळग्यातलं बर्फ उंचवट्यावरच्यापेक्षा बरंच उशिरा जातं. तुमच्या प्रश्नाला हा फरकच उपयोगी पडेल, एकाच हंगामात लवकर आणि उशिरा मोकळ्या झालेल्या जागा शेजारीशेजारी मिळतात.

तुडवण्याची भीती रास्त आहे. वरच्या उंचीवर माती पातळ असते आणि मोडलेलं रोप सावरायला फार वेळ लागतो. मोजणी बाहेरून, चौकोनाच्या एकाच बाजूने वाकून करा. कीटकांसाठी वेगळे चौकोन ठेवा. जमेल तिथे दगडावर बसा.

आणि एखादी जात या वर्षी फुललीच नाही, तर कारण याच वर्षात शोधू नका. गॉथिकजवळच वाढणाऱ्या फ्रासेरा स्पेसिओसा या रानफुलाच्या जातीच्या फुलोऱ्याची घडण फुलण्याच्या चार वर्षं आधीच सुरू होते. त्या जुन्या उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस चांगला झाला असेल तर चार वर्षांनी खूप झाडं एकदम फुलतात. म्हणून न फुललेली रोपंही मोजा आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला चौकोनांचे कोपरे सापडतील असे धातूचे खिळे जमिनीलगत ठोकून, नकाशा काढून ठेवा.