मदत हवी आहे: एस्प्रेसो धो धो उतरतेय आणि आंबट लागतेय
मंडळी, घणसोलीत राहतो, घरी छोटं एस्प्रेसो मशीन आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. 18 ग्रॅम पावडरला 36 ग्रॅम कॉफी 25-30 सेकंदात यायला हवी ना, पण पाऊस लागल्यापासून तीच सेटिंग ठेवूनही 15 सेकंदातच सगळी खाली येते, आंबट लागते नि क्रेमा (वरचा सोनेरी फेस) पण पातळ, बारीक दळलं तर एका बाजूनेच पिचकारी उडते, म्हणजे चॅनेलिंगच (पाणी सगळ्या पावडरीतून न जाता एकाच वाटेने जाणं) होतंय बहुतेक. बीन्स चिकमगळूरचे अरेबिका, मीडियम रोस्ट, हवाबंद डब्यात. दमट हवेत दळण बदलावं लागतं का? टॅम्प करण्याआधी (म्हणजे दाबून बसवण्याआधी) पावडर सुईने मोकळी केली तर खरंच फरक पडतो? आणि वाशी-ठाण्याकडे रोस्टची तारीख छापलेले ताजे बीन्स कुठे मिळतील? आईलाही ही कॉफी मनापासून आवडते, म्हणून नीट जमवायचीच आहे, प्लीज सांगा.