मदत हवी आहे : कुपीची साल सुटतेय, कशाने चिकटवू?

रेवती_म
कपाटातून कुपी काढली तर खाली मोरपंखी रंगाची भुकटी. हात लावला की आणखी सुटतं. फेविक्विक चालेल का? लवकर सांगा, रविवारी पाहुणे ती बघायलाच येताहेत.

पाटणकर_काकू
अत्तराच्या बाटलीत मी तांदूळ नि व्हिनेगर घालून खळखळवते. लख्ख निघते.

भट्टीवाला
कसली कुपी? काचेची? किती जुनी?

रेवती_म
काचेचीच हो, रोमन. सासऱ्यांनी जेरुसलेमहून आणलेली. बोटभर उंच, मान लांब, बूड फुगीर.

भट्टीवाला
मग व्हिनेगर, पाणी, फेविक्विक, काही म्हणजे काही लावू नका! ती भुकटी मळ नाही, काचच आहे. जमिनीतल्या ओलाव्याने काचेतला सोडा झिरपून जातो, मागे सिलिकाचे अतिपातळ पापुद्रे उरतात. मोरपंखी रंग त्यांचाच. कपाट कुठे आहे?

रेवती_म
दादरला. एसीच्या बरोबर खाली.

भट्टीवाला
तिथून आधी हलवा. हवा कधी कोरडी, कधी दमट झाली की पापुद्रे सुटतात.

जुनंतेसोनं
बुडाला खडबडीत वळं आहे का? कारागीर बूड सळईला चिकटवून तोंड घडवत, ती तोडल्याची खूण राहते. नसेल तर नकली.

भट्टीवाला
साफ चूक. इ.स. पहिल्या शतकातल्या कित्येक कुप्यांना ती खूण नसतेच. फुंकणीने काच फुगवायचं तंत्र जेरुसलेमच्याच भागातलं, इ.स.पू. पहिल्या शतकातलं. जेरुसलेममध्ये फुंकणीचा कचराही सापडलाय.

सायली_ठाणे
यात बायका अश्रू साठवायच्या ना?

भट्टीवाला
ती दंतकथा. थडग्यांत सापडतात म्हणून चिकटली. यात सुगंधी तेलं असत, थेंब थेंब पडावं म्हणून मान अरुंद.

करवीरकर
रोमन म्हटलं की आमचं कोल्हापूर! ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे समुद्रदेवाची, काशाची मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. नक्की बघा.

जुनंतेसोनं
निर्यात परवाना आहे का? इस्रायलमधून जुनी वस्तू आणायला तो लागतो.

रेवती_म
परवान्याचं नंतर बघू. ठेवू कशी ते सांगा! आत बुडाशी काळपट माती आहे, ती तरी काढू का?

भट्टीवाला
नको, तेलाचा अंश तिच्यातच असू शकतो. आम्लविरहित टिश्यू कागदाच्या घडीवर, डबीत आडवी ठेवा. कापूस नको, तंतूंत पापुद्रे अडकतात. पडलेली भुकटीही वेगळ्या डबीत जपा. पाहुण्यांना डबीतूनच दाखवा. पापुद्रे बसवायचेच असतील तर संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाकडूनच.