आमची आई, तुमच्या बाई : आठवणी लिहा

आईच्या तेराव्याला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घरी मांडव पुरला नाही. जांबोटी, कणकुंबीकडून माणसं आली होती, त्यातली निम्मी मी पहिल्यांदाच बघत होते. जो तो "बाईंची एक गोष्ट सांगतो" म्हणून सुरू व्हायचा आणि तेवढ्यात मला आतून चहाच्या पेल्यांसाठी हाक यायची. एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला मिळाली नाही. म्हणून आता लिहून मागतेय.

आई १९७७ ते २०१४ सरकारी मराठी प्राथमिक शाळेत होती, त्यातली बहुतेक वर्षं जांबोटी पट्ट्यात. बाबा लोंढ्याला रेल्वेत, पाळीची नोकरी. गौरव अंक काढायचा नाहीये, त्यामुळे थोर, त्यागी वगैरे नको. मार खाल्ला असेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच रागानं करते. १९८६ चा पावसाळा, मी दुसरीत. अंगात सणकून ताप. आईनं मिठाच्या पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली, शेजारच्या काकूंना सांगितलं आणि जांबोटीच्या बसला गेली. शनिवार होता, सकाळची शाळा साडेअकराला सुटते, म्हणजे एकच्या गाडीनं येईल असा माझा हिशेब. ती आली चारच्या गाडीनं. तोवर ताप उतरला होता, राग काही उतरला नव्हता. त्या वर्षी दर शनिवारी हेच. विचारलं की "मीटिंग होती." दर शनिवारी कसली मीटिंग असते हो प्राथमिक शाळेत? तिच्यासोबत काम केलेल्या कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

जांबोटी भाग, १९८३ ची पहिली. सध्या मडगाव.

ताई, तुमच्या आईच्या पर्समध्ये पावडर-कंगवा नसायचा, मिठाची पुरचुंडी असायची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जंगलातल्या वाटेनं शाळेत येईपर्यंत प्रत्येकाच्या एकेका पायाला दोन-चार जळवा. प्रार्थनेआधी आम्ही रांगेत बाकावर पाय ठेवायचो. बाई चिमूटभर मीठ टाकायच्या, जळू गोळा होऊन खाली पडायची, वर वर्तमानपत्राचा चिटोरा दाबायच्या. मग फळ्यावर कुणाच्या किती ते मांडायचं. चौघांच्या मिळून सत्तावीस, पलीकडच्या बाकावर सोळा, सांगा एकूण किती. हातच्याची बेरीज मी जळवांवर शिकलोय. अजून गोव्यात बिलं करताना कधीकधी पोटरी खाजवतो.

खानापूर, शेजारच्या काकू (लिहून घेतंय नातू)

तुझी वेणी मी घालायची, ते विसरलीस वाटतं. त्या तापाच्या दिवशी तू पेज प्यायला तयार नव्हतीस, भांडं उलटं केलंस माझ्या अंगणात. तुझी आई आली, आधी अंगण सारवलं, मग तुझ्याजवळ गेली. मी म्हटलं, अगं पोर बघ आधी. तर म्हणाली, "ती जागी आहे, रागावलीय. थोडं रागावू दे." बाकी मला काय कळतंय शाळेतलं.

१९८८ ची चौथी. नाव राहू दे.

मार चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मला बाई आवडत नव्हत्या. "माझे घर" या निबंधात मी लिहिलं होतं, "आई भाकऱ्या करूलाली आणि बाबा गुरं सोडूलालेत." सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं. पोरं खो खो हसली. "करत आहे, सोडत आहेत" असं पन्नास वेळा लिहून आणायला लावलं, आणि अक्षर वाईट म्हणून वर दोन पट्ट्या. पन्नास वेळा लिहिताना माझी आई खरंच बाजूला भाकऱ्या करूलाली होती. तिला विचारलं, आम्ही चुकीचं बोलतोय काय गे? ती गप्प बसली. बाई गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण ते पन्नास वेळा काही विसरलो नाही.

(लेक)

दादा, बरं केलंत लिहिलंत. एक सांगते, त्यानं तुमचा राग कमी व्हावा म्हणून नव्हे. हीच बाई घरी आल्यावर पिशवी टेकायच्या आत मला विचारायची, "काय करूलालेस गे? खाल्यास काय?" मी तिच्याच वर्गात तिसरीला होते. शाळेत "आई" म्हणायला बंदी, "बाई" म्हणायचं. एकदा चुकून "आई, शाई सांडली" म्हणाले, तर तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी. तुम्हाला हसणाऱ्या पोरांत मीही असेन, १९८८ ला मी चौथीतच होते.

गवळीवाडा, १९९१

आम्हाला बाई शाळेत नाही भेटल्या, शिरगणतीत भेटल्या. १९९१ ची. वर डोंगरात आमची सात घरं, तिथवर कोण येत नव्हतं. बाई आल्या, हातात मोठे कागद, चपला पिशवीत घालून अनवाणी. आमच्या आईला विचारलं, मातृभाषा कोणती? आई म्हणाली, "आमचीच." म्हणजे कुठली? "ही बोलतोय ती." बाई खूप वेळ पेन धरून बसल्या, मग काहीतरी लिहिलं. सीमाभागात मराठी की कन्नड, या रकान्यावरून काय काय होतं ते पुढं मोठी झाल्यावर कळलं, त्या दिवशी आपलं ताक दिलं त्यांना.

कागद भरून झाले तरी उठेनात. शाळेत न जाणाऱ्या पोरी किती, तेवढं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. तशी वेगळी यादी काही सरकारनं मागितलेली नव्हती. जूनमध्ये परत वर चढून आल्या आणि तिघींना घेऊन गेल्या. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. "अवसेच्या आसपास, रेडकू झालं तेव्हा," असं आई म्हणाली. बाईंनी तिघींचीही १ जून लावली. आम्ही तिघी अजून त्या दिवशी एकमेकींना फोन करतो. मी सातवीपर्यंत शिकले, एक जण अंगणवाडीत आहे, तिसरी दोन वर्षांत परत म्हशींमागे गेली. तिच्यासाठी बाई आणखी दोनदा वर आल्या होत्या. तिचा बा भेटलाच नाही, रानात जाऊन बसायचा.

धारवाड. माझं मराठी सांभाळून घ्या.

तुमच्या शनिवारचं उत्तर बहुतेक माझ्याकडे आहे. त्याच आवारात कन्नड शाळा होती, माझी आई तिथे शिकवायची. आमच्याकडे बाईंना अक्कोर म्हणतात. ती धारवाडकडची, गाव सगळं मराठी, तिला दुकानात काडेपेटी मागता येत नव्हती. तुमच्या आईला ऑफिसातून येणारी कन्नड परिपत्रकं वाचता येत नव्हती. दोघींनी ठरवलं, शनिवारी शाळा सुटली की खोलीचं दार लावून घ्यायचं. एक तास कन्नड, एक तास मराठी.

दार लावायचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १९८६ साल, कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन, बेळगावात गोळीबार झालेला. आई सांगायची, तुमचे काका सत्याग्रहात होते. बाई म्हणायच्या, घरी कळलं तर दीर काही बोलणार नाहीत, नुसते जेवायचे थांबतील. आणि माझी आई मराठी शिकतेय हे आमच्या मामांना कळलं असतं तर तेही तसलेच.

दोघींची एकच वही आहे, दोनशे पानी. पुढून तुमच्या आईचं कन्नड, मागून माझ्या आईचं मराठी. एकमेकींना मार्क दिलेत, आणि दोघीही हात राखून. तुम्ही तापाचं लिहिलंत म्हणून काल माळ्यावरून वही काढली. जुलैमधल्या एका शनिवारी, पाच वाक्यं रचा, असा अभ्यास आहे. पहिली दोन अशी: "नन्न मगळगे ज्वर बंदिदे. आदरू नानु शालेगे बंदिद्देने." माझ्या मुलीला ताप आला आहे. तरी मी शाळेत आले आहे. आईनं "मगळगे" खाली लाल रेघ मारून "मगळिगे" केलंय. पुढची तीन वाक्यं लिहिलेली नाहीत. दहापैकी सहा मार्क दिलेत. पाचातली दोनच वाक्यं आणि त्यात एक चूक, तर सहा कसे, ते आईला विचारायला हवं होतं. ती २०१९ ला गेली.

(लेक)

काकांनी हे आत्ता वाचलं. ते ऐंशीच्या पुढे आहेत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "चारची गाडी जांबोटीहून तीनला सुटायची. म्हणजे दोन तास नाही, साडेतीन तास बसायच्या."

मी येत्या शनिवारी धारवाडला येते. वही तुमच्याकडेच असू दे, मला फक्त ते पान बघायचंय. काकाही येतो म्हणतायत.